गाडी सोडू नये



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. तीस वर्षे मोटार कामगारांच्या संघटनेत काढलेल्या माणसाकडून दुसरे कसले व्याख्यान मिळणार? पण कायद्यावर मी वर्षभर बोलतच असतो, आणि ते ऐकून आता माझ्या घरच्या माणसांनाही झोप येते. म्हणून आज मी एका दिवसाची हकीकत सांगायला उभा आहे. त्या दिवशी मी माझ्या बायकोला, मुलीला, जावयाला आणि पाच वर्षांच्या नातवाला कच्छच्या छोट्या रणात अडकवून ठेवले. 'अडकलो' असे मी म्हणत नाही. का, ते पुढे कळेल.

हा विषय माढ्यात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आज आपल्या गावात घरोघरी मोटार आली आहे. सुट्टी लागली की कोणी जैसलमेरला जातो, कोणी कच्छला, कोणी लडाखला. डांबरी रस्त्यावर जोवर आहात तोवर ठीक आहे. टेंभुर्णीच्या नाक्यावर गाडी बंद पडली तर दहा माणसे गोळा होतात आणि अकरा सल्ले देतात. पण डांबरी सोडून गाडी रानात घातली, आणि ते रान वाळवंट असले, की मग तुम्ही आणि तुमच्याजवळचे पाणी, एवढाच संसार उरतो.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण ट्रकच्या केबिनमध्ये झाले. १९८७ साली, एकोणीस वर्षांचा असताना, मी सोलापुरी चादरींच्या ट्रकवर क्लीनर होतो. त्या वर्षी राजस्थानात मोठा दुष्काळ होता. बाडमेरकडे जाताना आमच्या गाडीचा एक्सल तुटला. उस्ताद, म्हणजे आमचा ड्रायव्हर, सामान आणायला मिळेल त्या वाहनाने जोधपूरला गेला आणि जाताना मला एकच वाक्य सांगून गेला, "गाडी सोडू नको." तीन दिवस मी त्या ट्रकखाली काढले. दिवसा चाकाच्या सावलीत पडायचे, सावली सरकली की आपण सरकायचे, आणि ऊन उतरल्यावर हातपाय हलवायचे. मला वाटे, उस्तादाला मालाची काळजी आहे, क्लीनरची नाही. ती समजूत पुरी चुकीची होती असे आजही म्हणवत नाही. पण मालासाठी केलेला तो नियम माणसासाठीही खरा होता, हे समजायला मला एकतीस वर्षे लागली.

२०१८ च्या एप्रिलमध्ये कामगारांच्या एका बैठकीसाठी मला अहमदाबादला जायचे होते. नातवाने कुठल्याशा पुस्तकात रानगाढवाचे चित्र पाहिले होते. आपल्याकडे गाढव म्हटले की वीटभट्टी आठवते. पण कच्छच्या रणातले हे जनावर घोड्यासारखे देखणे आहे, आणि पळायला लागले की जीपला दमवते. त्याच्यासाठी १९७३ सालापासून तिथे अभयारण्य आहे. तेव्हा बैठक आटोपून सगळ्यांनीच रण पाहून यावे असे ठरले. वनखात्याचा परवाना काढला, रणाच्या काठच्या एका गावातून जुनी जीप भाड्याने घेतली, आणि पहाटे सहाला निघालो. ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा, हडकुळा, कमी बोलणारा पोरगा होता.

रण म्हणजे वाळूच्या टेकड्या असे चित्र मनात असेल तर ते पुसून टाका. छोटे रण म्हणजे सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचे ताट. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या एक तृतीयांश. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते, नंतर पाणी आटते आणि मीठ मुरलेली, भेगाळलेली सपाट जमीन उरते. झाड नाही, दगड नाही. मधूनमधून किंचित उंच जागा आहेत, त्यांना तिकडे बेट म्हणतात. आपण माळरानात वाढलेली माणसे. पण आपल्या माळावर निदान एखादी बाभळ असते, आणि तिच्याखाली एखादे शेरडू उभे असते. इथे नजर टेकायला जागा नाही.

दोन तासांनी लांबवर एका बेटाच्या कडेला ठिपके हलताना दिसले. नातू ओरडला, "आजोबा, गाढवं!" पोरगा गाडी डावीकडे वळवू लागला. मी विचारले, समोर दिसतेय तर वळसा कशाला? तो म्हणाला, "काका, समोर नरम आहे. वरून सुकलंय, पण कालव्याचं पाणी इकडे येतं, खाली चिखल असतो." नर्मदेच्या कालव्याचे वाहून आलेले पाणी रणात शिरते आणि मीठ पिकवणाऱ्यांचे नुकसान करते, ही तिकडची जुनी तक्रार आहे. मला ती ठाऊकही होती. तरी मी म्हणालो, "अरे, मी पंधरा वर्षे ट्रक चालवला आहे. जमीन मला कळते. चल सरळ."

मंडळी, इथे थोडे थांबतो. मोटार कामगारांच्या कामाचे तास आठ असावेत असे १९६१ सालच्या कायद्यात लिहिले गेले. तासांसाठी आम्ही भांडलो, पगारासाठी भांडलो, आणि थोडेफार मिळवलेही. पण पैसे देणारे गिऱ्हाईक 'चल' म्हणत असताना 'नाही' म्हणणे हे ड्रायव्हरच्या पोटाला परवडत नाही. हे मी शंभर सभांतून सांगितलेले आहे. त्या दिवशी मीच गिऱ्हाईक होतो.

पोरगा सरळ निघाला. अर्ध्या मैलावर पापुद्रा फुटला, आणि मागची चाके काळ्या, चिकट गाळात बसली. ओल्या पाण्याखालची भाकर उचलावी तसा वरचा पांढरा थर नुसता उचलून आला. पोरगा खाली उतरला. टायरमधली थोडी हवा काढू, पायाखालची मॅट आणि गोणपाट चाकाखाली घालू, घाई करू नका, असे तो म्हणत होता. ते बरोबर होते. हवा कमी केली की टायर पसरतो आणि ओझे जास्त जागेवर वाटले जाते. पण माझ्या अंगात जुना ट्रक ड्रायव्हर संचारला होता. मी त्याला बाजूला केले, स्वतः स्टिअरिंगवर बसलो, आणि एकदा पुढे, एकदा मागे असा गिअर टाकत इंजिन रेटले. चाके जागच्या जागी फिरून आणखी खाली गेली. मग तो वास आला. ज्याने एकदा घेतला आहे तो जन्मात विसरत नाही. क्लचप्लेट जळाली. आता इंजिन चालत होते, पण चाकांना त्याचा पत्ताच नव्हता.

साडेआठ वाजले होते. मोबाइलवर रेघ नव्हती. पाच लिटरचा एक कॅन आणि चार बाटल्या बरोबर होत्या. त्यातल्या दोन अर्ध्या झालेल्या, आणि चिखलात खेळलेल्या नातवाचे पाय आमच्या जावयाने दहा मिनिटांपूर्वी कॅनमधल्याच पाण्याने धुतले होते. माणसे सहा, आणि पाणी फार तर सात लिटर.

दहापर्यंत ऊन असे झाले की जीपच्या पत्र्याला हात लावता येईना. आत बसलो तर भट्टी, बाहेर बसलो तर तवा. पोरग्याने जीपच्या सीटा काढून बाहेर ठेवल्या. जमिनीवर बसू नका, जमीन हवेपेक्षा तापते, असे तो म्हणाला. मग टपाची ताडपत्री जीपच्या एका अंगाला बांधली, तिच्यावर थोडी जागा सोडून माझ्या बायकोची साडी बांधली. दोन पडद्यांमध्ये हवा राहिली की खालचा पडदा कमी तापतो. पंढरीच्या वाटेवर दिंडीचे तंबू बांधणाऱ्यांनाही ही युक्ती ठाऊक असते. जावयाने उकडते म्हणून शर्ट काढला, तेव्हा पोरग्याने त्याला तो परत घालायला लावला. उघडे अंग लवकर सुकते.

पाण्याचा हिशेब आमच्या घरातून सुरू झाला. माढ्यात टँकरचे दिवस जिने काढले आहेत, तिला पाणी कसे पुरवायचे हे सांगावे लागत नाही. तिने बाटलीच्या झाकणाने पाणी मोजायला सुरुवात केली. पोरगा म्हणाला, "मावशी, तहान लागेल तेवढं प्यायला द्या. पाणी वाचवू नका, घाम वाचवा." ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मलाही ते पटले नाही. पुढे घरी आल्यावर मी यावर मिळेल ते वाचून काढले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अॅडॉल्फ नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळवंटात सैनिकांवर याच गोष्टीचा अभ्यास केला. १९४७ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी जे मोजून काढले ते या पोराने आजोळी शिकले होते. बाटलीत राखलेले पाणी शरीराच्या कामाचे नाही, ते पोटात गेले तरच उपयोगी. वाचवायची ती हालचाल. भर उन्हात चालणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. त्यांचा हिशेब असा होता की पारा ४३ अंशांवर असताना बिनपाण्याचा माणूस सावलीत निपचित पडून राहिला तर सुमारे तीन दिवस तग धरतो. तोच रात्रीच्या वेळी का होईना चालत सुटला तर दोन दिवस. दिवसा चालणाऱ्याचा हिशेब मी इथे सांगत नाही.

आणि मी मात्र चालायला निघालो होतो.

बारा वाजता नातू रडायचा थांबला. पोर रडत असते तोवर बरे असते. ते गप्प झाले की आईबापाचा जीव खालीवर होतो. समोर दक्षिणेला पाणी चमकत होते आणि पाण्याच्या काठाला झोपड्या दिसत होत्या. मृगजळ मला ठाऊक नव्हते असे नाही. तापलेल्या जमिनीलगतच्या विरळ हवेतून प्रकाश वाकतो आणि आभाळाचाच तुकडा जमिनीवर पाण्यासारखा दिसतो, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते. पण झोपड्या? झोपड्या तर खोट्या नसतील! मी एक बाटली उचलली आणि म्हणालो, मी तासाभरात माणसे घेऊन येतो. बायको म्हणाली, "अहो, थांबा." मी थांबलो नाही. वीस-पंचवीस पावले गेलो असेन. पोरगा धावत आला, माझ्या पुढे येऊन उभा राहिला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाला, "काका, गाडी सोडायची नाही. जीप लांबून दिसते. माणूस दिसत नाही."

एकतीस वर्षांनी उस्तादाचे वाक्य एका पोराच्या तोंडून ऐकले. मी परत फिरलो. मागे वळून पाहिले तेव्हा त्या झोपड्या जागेवर नव्हत्या.

हे वाक्य न ऐकलेल्या माणसांचे काय झाले ते जगात नमूद आहे. ऑस्ट्रेलियात बर्ड्सव्हिलचा एक कच्चा रस्ता आहे. १९६३ च्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, आईबाप आणि तीन मुलगे असे एक कुटुंब तिथे वाट चुकले आणि त्यांचे पेट्रोल संपले. त्यांनी चिठ्ठी लिहिली होती. पण अखेर ते गाडी सोडून निघाले, आणि पाचहीजण मेले. १९९८ साली त्याच देशात एअर सरोवराजवळ एका परदेशी जोडप्याची गाडी वाळूत रुतली. जवळ पाण्याची टाकी होती. तरी ती दोघे चालत निघाली. पुरुष अर्ध्यातून परत फिरला आणि वाचला, बाई पुढे गेली आणि वाटेतच मेली. फार लांब कशाला, २०२४ च्या जुलैमध्ये कच्छच्याच सीमेवर हरामी नाल्याच्या भागात गस्त घालताना सीमा सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि एक जवान उष्म्याने मरण पावले. ती कसलेली, शिकवून तयार केलेली माणसे होती. मग माझ्यासारख्या पोट सुटलेल्या पुढाऱ्याची काय कथा!

आणखी एक मूर्खपणा माझ्या हातून होता होता राहिला. पाणी संपले तर रेडिएटर आहे, असे मी जावयाला हळूच सांगून ठेवले होते. आमच्या वेळी ट्रकच्या रेडिएटरमध्ये विहिरीचे साधे पाणी असे. आता त्यात कूलंट असते, आणि ते विष आहे. चवीला गोडसर लागते म्हणून अधिकच घातक. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी एवढे तरी घरातल्या मुलाबाळांना सांगून ठेवावे.

दुपारी चारच्या सुमारास पोरग्याने जीपचा बाजूचा आरसा उपसून काढला. सूर्य पश्चिमेला कलला होता. तो टपावर चढला, हात पुढे धरून दोन बोटांच्या फटीत क्षितिजाचा एक बिंदू पकडला, आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवरून पुढे सोडू लागला. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी विचारले, तिकडे कोण आहे? तो म्हणाला, "कोणीतरी असतं. अगरियांची पोरं आरशानेच एकमेकांशी बोलतात." नातवाला खेळ मिळाला. मग दोघेही टपावर. अर्धा-पाऊण तास गेला असेल. आणि आग्नेयेला, जिथे मला काहीच दिसत नव्हते तिथे, एक ठिणगी चमकली. विझली. पुन्हा चमकली.

माझी मुलगी रडली. मी रडलो नाही असे घरी सांगतो.

सहाच्या सुमारास दोघेजण मोटारसायकलवर आले. कडक जमीन संपली तिथे गाडी उभी करून उरलेले अंतर चालत आले. प्रत्येकाच्या खांद्यावर पाण्याचा एक डबा होता. बापलेक होते. आरसा चमकवणारी त्यांच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी होती, हे नंतर कळले.

ती रात्र आम्ही त्यांच्या झोपडीत काढली. अगरिया हा शब्द ऐकला की आपल्याला आपल्या कोकणातले आगरी आठवतात. मिठागर, आगर, अगरिया, सगळे एकाच मुळाचे. ही माणसे पावसाळा सरला की बायकापोरांसह रणात उतरतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत तिथेच राहतात. जमिनीत खड्डा खणून समुद्राहून खारट पाणी उपसतात, पायांनी तुडवून पक्क्या केलेल्या वाफ्यांत ते फिरवतात, आणि महिनोन्महिने दाताळ्याने ढवळून त्याचे खडे पिकवतात. पावसाळ्यात परत जाताना पाणी उपसायचे इंजिन तिथेच जमिनीत पुरून जातात आणि आल्यावर उकरून काढतात. अलीकडे काहींकडे सूर्यावर चालणारे पंप आले आहेत. या घरात दोन्ही होते. पायांवर मिठाने चरे पडलेले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाने सारा देश पेटला, आमच्या सोलापुरात लष्करी कायदा आला, आणि पुढच्या वर्षी चार हुतात्मे फासावर गेले. तेव्हापासून मीठ म्हटले की आपण भाषणे करतो. मीही केली आहेत. पण मीठ पिकवणाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून मी त्या रात्री पहिल्यांदा गेलो.

त्यांनी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि ताक दिले. पाणी हवे तेवढे प्या म्हणाले. मी बाहेर पाण्याची टाकी पाहिली आणि टँकर कधी येतो ते विचारले. चार दिवसांपूर्वी यायचा होता, अजून आला नाही, असे त्या घरच्या बाईने अगदी सहज सांगितले. माझ्या बायकोने हातातला तांब्या खाली ठेवला. त्या बाईने तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आम्ही त्या उन्हात नऊ-दहा तास काढले आणि त्याची हकीकत मी इथे ध्वनिक्षेपकावरून सांगतो आहे. त्या झोपडीपुढे ती नऊ वर्षांची मुलगी आठ महिने राहत होती.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण सभेनंतर लोक विचारतील. रानात उतरण्यापूर्वी, कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे मागे एका जबाबदार माणसाला लिहून द्यावे. उशीर झाला तर त्याने कोणाला कळवायचे तेही. आम्ही हे केले नव्हते. जीपवाल्याला आम्ही संध्याकाळपर्यंत येऊ एवढेच माहीत होते, तेव्हा रात्रीपर्यंत कोणी शोधायलाही निघाले नसते. पाणी माणशी दिवसाला निदान सहा-सात लिटर धरावे, आणि एका दिवसाची सहल असली तरी दोन दिवसांचे घ्यावे. जमल्यास दोन गाड्या असाव्यात. आणि गाडीत एक फावडे, एक जाड दोर, टायरमध्ये हवा भरायचा पंप. आरसा प्रत्येक गाडीला असतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अगरियांच्या ट्रॅक्टरने जीप ओढून काठाला आणली. मी पैसे पुढे केले. बापाने डिझेलचे तेवढे घेतले, बाकीचे परत दिले.

गावात जीपचा मालक उभा होता. त्याने बॉनेट उघडले, वास घेतला, आणि पोरग्याकडे वळून विचारले, "क्लचप्लेट कोणी जाळली?" पोरगा खाली बघत उभा राहिला. मालक म्हणाला, पगारातून कापून घेईन.

अध्यक्ष महाराज, मी ताबडतोब पुढे झालो असे सांगता आले असते तर मला बरे वाटले असते. मी गप्प होतो. क्लचप्लेट, मजुरी, ट्रॅक्टर, बुडालेला दिवस असा हिशेब माझ्या मनात चालला होता, आणि पोरगा काही बोलत नाही हे मी पाहत होतो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. घड्याळात तो फार नसेल. माझ्या मागून बायको हळू आवाजात म्हणाली, "अहो, सांगा की."

मग सांगितले. वाट मी बदलायला लावली, स्टिअरिंगवर मी बसलो, प्लेट मी जाळली. पैसे भरले. आणि सवयीप्रमाणे पावती मागितली. ड्रायव्हरची चूक नाही, पगारातून काही कापायचे नाही, असे तिच्यावर लिहून घेतले आणि ती पोरग्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि मालक आत गेल्यावर मला म्हणाला, "काका, पोराची रानगाढवं राहिलीच. परवा सकाळपर्यंत जीप नीट होईल. नेऊ का? डावीकडच्या वाटेने."

आम्ही एक दिवस मुक्काम वाढवला, आणि गेलो.